विंडोजचे लायसन्स: पाचशेचे, बाराशेचे की पक्क्या बिलाचे?

वाचकाचे पत्र: आम्ही नवरा-बायको लक्ष्मीपुरीत छोटा छापखाना चालवतो. लग्नपत्रिका, बिलबुके, हँडबिले असे काम असते. कॉम्प्युटर दोन आहेत. एक २०१३ साली घेतलेला कंपनीचा. त्यावर विंडोज ८ चे स्टिकर होते आणि पुढे तो विंडोज १० वर गेला. दुसरा २०१९ मध्ये असेंबल करून घेतलेला, नवव्या पिढीच्या आय-फाइव्ह प्रोसेसरचा. त्यात विंडोज १० प्रो आहे, पण त्याचे वेगळे बिल कधी मिळाले नाही. तिसरा आता नवा घ्यायचा आहे. विंडोज १० बंद पडले म्हणून आमचा दुरुस्तीवाला तिन्हींवर ‘लाइफटाइम’ विंडोज ११ प्रत्येकी बाराशे रुपयांत टाकून देतो म्हणतो. ऑनलाइन तीच की ४९९ रुपयांना दिसते. राजारामपुरीतल्या दुकानदाराने सांगितलेली किंमत याच्या कितीतरी पट आहे. पुण्याचा भाचा म्हणतो, लिनक्स टाका, पैसेच नकोत. नक्की घ्यायचे कुठून?
(लक्ष्मीपुरी, कोल्हापूर)

ताई, स. न. वि. वि.

उत्तर आधी देतो आणि कारणे नंतर सांगतो. नवे यंत्र विंडोजसकटच विकत घ्या. असेंबल केलेल्या यंत्रासाठी राजारामपुरीच्या दुकानदाराकडून किंवा थेट मायक्रोसॉफ्टकडून रिटेल लायसन्स घ्या, मात्र पक्क्या बिलावर. २०१३ च्या यंत्रासाठी विंडोजवर एक रुपयाही घालू नका. बाराशेचे काम आणि ४९९ ची की हे दोन्ही पर्याय मी बाद धरतो.

विंडोज १० बंद पडलेले नाही, हेही स्पष्ट करायला हवे, कारण या एका वाक्यावर सध्या बराच धंदा चालला आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने त्याला नियमित सुरक्षा अपडेट देणे थांबवले, एवढेच झाले. यंत्र पूर्वीसारखेच सुरू होते आणि पत्रिका पूर्वीसारखीच छापली जाते. घरगुती वापरकर्त्यांना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढीव सुरक्षा अपडेट घेण्याची सोयही कंपनीने ठेवली आहे. इंटरनेटला जोडलेले यंत्र अपडेटविना वर्षानुवर्षे चालवणे धोक्याचे आहे हे खरे, पण म्हणून आज संध्याकाळी बाराशे रुपये मोजावेत अशी घाई नाही.

आता लायसन्स म्हणजे नेमके काय विकत मिळते ते पाहू. विंडोज ११ ची इन्स्टॉल करायची फाइल मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावरून कोणालाही फुकट उतरवता येते. त्यामुळे ‘आमच्याकडे ओरिजिनल विंडोज आहे’ या दाव्याला फारसा अर्थ नाही. सगळ्यांकडे ओरिजिनलच असते. पैसे पडतात ते वापरण्याच्या परवानगीचे, आणि २५ अक्षरांची प्रॉडक्ट की ही त्या परवानगीची फक्त खूण आहे. की चालली म्हणजे परवानगी मिळाली असे होत नाही, जशी चोरबाजारातली मोटारसायकल किक मारली की सुरू होते, पण आर. सी. बुक दुसऱ्याच कोणाच्या नावावर असते.

ही परवानगी मुख्यतः तीन प्रकारांत विकली जाते. रिटेल लायसन्स ग्राहकाच्या हातात असते आणि यंत्र बदलले तर जुन्यावरून काढून नव्यावर नेता येते. ओईएम लायसन्स नव्या यंत्राबरोबर येते, त्या यंत्राच्या मदरबोर्डशी बांधलेले असते आणि यंत्र भंगारात गेले की त्याच्याबरोबर संपते. म्हणूनच ते स्वस्त पडते. तिसरा प्रकार व्हॉल्यूम लायसन्सचा, जो कंपन्या, बँका, महाविद्यालये अशा संस्थांना त्यांच्या अनेक यंत्रांसाठी दिला जातो आणि ज्याची एकेक की सुटी करून विकण्याचा अधिकार त्या संस्थेला नसतो.

४९९ रुपयांची की कुठून येते, याचे उत्तर बहुतेक वेळा या तिसऱ्या प्रकारात सापडते. एखाद्या संस्थेची व्हॉल्यूम की बाहेर फुटते आणि शेकडो जणांना विकली जाते. सॉफ्टवेअर तयार करणाऱ्यांना चाचणीसाठी मिळालेल्या किंवा विद्यार्थ्यांसाठीच्या योजनेतल्या की बाजारात येतात, भंगारात निघालेल्या ऑफिसच्या यंत्रांवरच्या स्टिकरवरून की उतरवून घेतल्या जातात, आणि काही तर चोरलेल्या क्रेडिट कार्डावर घेतलेल्या असतात. यातली कोणती की तुमच्या वाट्याला येईल हे विकणाऱ्यालाही माहीत नसते. अमेरिकेत विंडोज ११ होमची छापील किंमत १३९ डॉलर आणि प्रोची १९९ डॉलर आहे. रुपयांतली किंमत मायक्रोसॉफ्टच्या भारतीय संकेतस्थळावर घेण्याच्या दिवशी पाहून घ्या. दुकानदार आणि कंपनी यांच्या भावात थोडा फरक समजू शकतो, सणाची सवलतही समजू शकते. पण तीच वस्तू वीसाव्या हिश्शात मिळत असेल तर ती तीच वस्तू नाही.

अशी की घेतल्यावर काय घडते तेही जवळून पाहण्यासारखे आहे. कधी व्हॉट्सअॅपवर २५ अक्षरे येतात, तर कधी टपालाने एक चकचकीत कार्ड येते आणि त्यावरचा चंदेरी पट्टा नाण्याने खरवडायचा असतो. सोबत सूचना असते: की टाकून नाही चालली तर पडद्यावर येणारा लांबलचक आकडा आम्हाला पाठवा, आम्ही उलट आकडा देतो, तो भरा. या सूचनेतच सगळे आले. ऑनलाइन ॲक्टिव्हेशनची, म्हणजे मायक्रोसॉफ्टकडून की मान्य करून घेण्याची, मर्यादा संपलेली, अनेकांना विकून झालेली व्हॉल्यूम की असली की असा वळसा घ्यावा लागतो. ॲक्टिव्हेशन झाल्या झाल्या पाच तारे द्या, तरच वॉरंटी सुरू होईल, असेही खाली लिहिलेले असते. त्यामुळे त्या पानावर चांगले अभिप्राय रांगेने दिसतात आणि चार महिन्यांनी की रद्द झालेला ग्राहक तिथे परत लिहायला जात नाही.

काही विक्रेते युरोपीय न्यायालयाच्या निकालाचा दाखला देतात. निकाल खरा आहे. जुलै २०१२ मध्ये त्या न्यायालयाने वापरलेल्या सॉफ्टवेअर लायसन्सची पुनर्विक्री मान्य केली. पण मूळ मालकाने स्वतःची प्रत वापरणे बंद केले पाहिजे आणि अनेक वापरकर्त्यांचे लायसन्स तुकडे करून विकता येणार नाही, अशा अटीही घातल्या. शिवाय तो कायदा युरोपीय संघातला आहे. लक्ष्मीपुरीतल्या छापखान्याला त्याचा आधार मिळत नाही.

दुरुस्तीवाल्याच्या बाराशे रुपयांविषयी मला जास्त काळजी वाटते, कारण तिथे बहुधा कीसुद्धा नसते. मोठ्या कार्यालयांत प्रत्येक यंत्राने मायक्रोसॉफ्टकडे न जाता कार्यालयातल्याच सर्व्हरकडून ॲक्टिव्हेशन घ्यावे, अशी एक अधिकृत व्यवस्था असते. ते ॲक्टिव्हेशन १८० दिवस टिकते आणि मध्ये मध्ये आपोआप ताजे होते. ‘लाइफटाइम’ करून देणारी छोटी प्रोग्रॅम-फाइल तुमच्या यंत्रातच असा खोटा सर्व्हर उभा करते आणि गुपचूप मुदत वाढवत राहते. ती बसवण्यासाठी अँटिव्हायरस आधी बंद करावा लागतो, आणि त्या फाइलकडे पुढेही दुर्लक्ष कर असे त्याला बजावून ठेवावे लागते. कोणी लिहिली हे ठाऊक नसलेली, कुठून उतरवली हे दुरुस्तीवाल्यालाही न आठवणारी ती फाइल सगळे अधिकार घेऊन तुमच्या यंत्रात कायमची बसते. त्याच यंत्रावर ग्राहकांच्या आधार कार्डांच्या प्रती, निमंत्रितांच्या याद्या आणि तुमचे बँकेचे व्यवहार असतात. दुरुस्तीवाला माणूस म्हणून वाईट असेल असे मला म्हणायचे नाही. त्याला ग्राहकच स्वस्तात करून मागतात.

तुमच्या २०१९ च्या यंत्रात असेच काही झाले आहे का, हे पाहणे मिनिटाभराचे काम आहे. स्टार्टमध्ये ‘कमांड प्रॉम्प्ट’ शोधून उघडा. तिथे इंग्रजीत एसएलएमजीआर ही पाच अक्षरे टाइप करा, एक जागा सोडा, प्रश्नचिन्हाच्या बटणावर असलेली तिरकी रेघ द्या, तिला लागूनच डीएलआय ही तीन अक्षरे टाइप करून एंटर दाबा. एक छोटी चौकट उघडेल. त्यात रिटेल किंवा ओईएम असा शब्द दिसला तर बरे; व्हॉल्यूम दिसला आणि तुमच्याकडे कोणत्याही संस्थेचा करार नाही, तर ते लायसन्स तुमचे नाही. बिल नसलेल्या प्रो आवृत्तीवर माझा अंदाज व्हॉल्यूमचाच आहे. दुकानात कोणाशी वाद घालण्यापूर्वी हे पाहून ठेवा.

त्या यंत्राचा प्रोसेसर विंडोज ११ ला चालतो, कारण इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढचे बहुतेक प्रोसेसर मान्य यादीत आहेत. टीपीएम २.० नावाची सुरक्षा-सोयही लागते, आणि इथे एक सावधगिरी बाळगा. असेंबल केलेल्या यंत्रांत ती बऱ्याचदा मदरबोर्डमध्येच असते पण बंद ठेवलेली असते. बायोसमध्ये (यंत्र सुरू होताना उघडता येणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) इंटेल पीटीटी या नावाने ती सापडते आणि चालू करायला खर्च काहीच येत नाही. ‘टीपीएम नाही, मदरबोर्ड बदलावा लागेल’ असे कोणी म्हणाले तर आधी बायोस उघडून दाखवायला सांगा.

या यंत्रासाठी रिटेल लायसन्सच घ्यावे असे मी म्हणतो, ते त्याच्या वयामुळे. सहा-सात वर्षांच्या असेंबल्ड यंत्राचा मदरबोर्ड कधीतरी जाणार, आणि त्या दिवशी ओईएम लायसन्स हातचे जाते, तर रिटेल नव्या बोर्डावर किंवा नव्या यंत्रावर नेता येते. दुकानात गेल्यावर पहिला प्रश्न हाच विचारा: रिटेल की ओईएम? दोन दुकानांच्या कोटेशनमध्ये मोठा फरक दिसतो तो बरेचदा यामुळेच, आणि दुकानदार तो आपणहून सांगेलच असे नाही. ओईएम पॅक हा मुळात नवे यंत्र जोडून विकणाऱ्यासाठी असतो. जुन्या यंत्रासाठी तो सुटा घेणे त्याच्या अटींत बसत नाही. रिटेलच्या बंद खोक्यात पेनड्राइव्ह येतो आणि कीचे कार्ड येते. सील तुमच्यासमोर फुटले पाहिजे.

होम की प्रो? छापखान्याला होम पुरते. दुसऱ्या ठिकाणाहून त्या यंत्रावर रिमोट डेस्कटॉपने काम करायचे असेल किंवा बिटलॉकरची, म्हणजे डिस्कला कुलूप घालण्याची, पूर्ण सोय हवी असेल तरच प्रोचे पैसे घाला. एक अडचण मात्र सांगून ठेवतो. आज त्या यंत्रात प्रो आवृत्ती आहे, आणि प्रो चालू असताना होमची की टाकून ती होम होत नाही. यंत्र फॉरमॅट मारून नव्याने विंडोज टाकावे लागते. फॉरमॅट मी तसाही करायला सांगितला असता, कारण तो खोटा सर्व्हर पुसून टाकण्याचा खात्रीचा मार्ग तोच आहे. पण त्याआधी श्रीलिपी, कोरल ड्रॉ, पेजमेकर यांपैकी काय काय वापरता, त्यांचे इन्स्टॉलर, डोंगल आणि नोंदणीचे कागद हाताशी आहेत का, हे बघा. विंडोज ११ केवळ ६४ बिट रूपात येते, त्यामुळे फार जुने, १६ बिट इन्स्टॉलर असलेले सॉफ्टवेअर त्यावर सहसा चढत नाही. फॉन्टच्या कंपनीला फोन करून विंडोज ११ साठीची आवृत्ती आहे का ते विचारा. (पेजमेकर आणि कोरल यांच्या लायसन्सचे काय, हा प्रश्न तुम्ही विचारलेला नाही, मीही आज काढत नाही.) आणि हे काम लग्नसराईत काढू नका. चातुर्मासात पत्रिकांचे काम ओसरते, तेव्हा दोन दिवस यंत्र अडकले तरी चालते.

नव्या, तिसऱ्या यंत्राचा निर्णय सर्वांत सोपा आहे. दुकानात एकाच मॉडेलचे दोन भाव सांगितले जातात, एक ‘विथ विंडोज’ आणि दुसरा ‘डॉस’ किंवा ‘लिनक्स’. दुसरा कमी असतो आणि वर ‘विंडोज आम्ही टाकून देतो की’ असे आश्वासन मिळते. ते टाकून देणे म्हणजे पुन्हा तेच बाराशेचे काम, फक्त पैसे वेगळे न मागता. विंडोजसकट येणाऱ्या कंपनीच्या यंत्रात की बायोसमध्येच कोरलेली असते. पुढे कधी फॉरमॅट केले तरी तीच आवृत्ती आपोआप ॲक्टिव्हेट होते, की शोधत बसावी लागत नाही. बिलावर मॉडेलच्या नावापुढे ‘विंडोज ११ होम’ हे शब्द लिहून घ्या, यंत्र दुकानातच सुरू करा आणि सेटिंग्जमध्ये ‘ॲक्टिव्हेशन’ उघडून पाहा. नवे यंत्रसुद्धा असेंबलच करून घ्यायचे ठरवले, तर जोडणाऱ्यालाच ओईएम पॅक त्याच बिलात लावायला सांगा. तिथे तो योग्य आहे.

२०१३ च्या यंत्राचा प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीत बसत नाही. आडमार्गाने बसवून देणारे भेटतील, पण मायक्रोसॉफ्ट अशा यंत्राला अपडेटची हमी देत नाही. विंडोज ८ च्या कीने वरची आवृत्ती ॲक्टिव्हेट होण्याची वाट कंपनीने सप्टेंबर २०२३ मध्ये बंद केली, त्यामुळे त्या स्टिकरचाही आता उपयोग नाही. इथे तुमच्या भाच्याचे ऐका. या यंत्रावर लिनक्स मिंट किंवा उबुंटू (दोन्ही लिनक्सचीच फुकट रूपे) टाका आणि ते पुढच्या टेबलावर ठेवा. ग्राहकांचे पेनड्राइव्ह उघडणे, ईमेल आणि व्हॉट्सअॅपवर आलेला मजकूर उतरवणे, पीडीएफ पाहणे एवढेच काम त्याला द्या. छापखान्यात सगळ्यात जास्त व्हायरस पेनड्राइव्हवरून येतात, आणि विंडोजसाठी लिहिलेले व्हायरस लिनक्सवर चालत नाहीत. तिथे तपासून मगच फाइल आत पाठवली तर दोन्ही मुख्य यंत्रे बरीच निर्धास्त राहतात. युनिकोड मराठी लिनक्सवर उत्तम चालते. पण तिन्ही यंत्रे लिनक्सवर न्यावीत असे मी म्हणणार नाही, कारण श्रीलिपी आणि कोरलमधल्या तुमच्या वर्षानुवर्षांच्या फाइली तिथे उघडणार नाहीत. भाच्याला पुण्यात बसून ते दिसत नसावे.

राहिला प्रश्न राजारामपुरी की मायक्रोसॉफ्टचे संकेतस्थळ. लायसन्स दोन्हीकडचे सारखेच. मी तुमच्या जागी असतो तर दुकानात गेलो असतो, कारण फॉरमॅट, बायोस आणि फॉन्ट यांसाठी माणूस लागणारच आहे, आणि विकणारा तोच असला तर नंतर बोट दाखवायला दुसरे कोणी उरत नाही. सॉफ्टवेअरवर १८ टक्के जीएसटी आहे; दुकान महाराष्ट्रातलेच असल्याने बिलावर तो ९ अधिक ९ असा दिसेल. विक्रेत्याचा जीएसटी क्रमांक १५ अक्षरांचा आणि महाराष्ट्रातला असल्यास २७ ने सुरू होणारा असतो, आणि जीएसटीच्या पोर्टलवर तो खरा आहे का हे कोणालाही पाहता येते. बिल छापखान्याच्या नावाने, तुमच्या जीएसटी क्रमांकासह घेतले तर भरलेल्या कराचे क्रेडिट मिळते. मात्र तुम्ही कंपोझिशन योजनेत (छोट्या व्यावसायिकांसाठी ठोक दराने जीएसटी भरण्याच्या सोयीत) असाल तर ते मिळत नाही, म्हणजे भावाची तुलना करासकटच करा. ऑनलाइन घेणार असाल तर असे बिल मिळेल का हे पैसे भरण्यापूर्वी पाहा. मोठ्या बाजारपेठेच्या संकेतस्थळावर वर कोणाचेही बोधचिन्ह असले तरी माल विकणारा तिसराच असतो. ‘विक्रेता’ या शब्दाशेजारचे नाव वाचा.

बिलाचा आग्रह धरण्याला कायद्याचेही कारण आहे. कॉपीराइट कायदा, १९५७ मधील कलम ६३-ब नुसार बेकायदा प्रतीचा संगणकावर जाणूनबुजून वापर करणाऱ्याला किमान सात दिवस ते तीन वर्षे कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंड होऊ शकतो. वापर धंद्यासाठी नसेल तर न्यायालय कैद टाळू शकते, पण छापखान्याला ती सवलत मागता येत नाही. उद्या लक्ष्मीपुरीत धाड पडेल असे मी सुचवत नाही. विक्रेत्याने फसवले तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. ग्राहक संरक्षण कायदा व्यापारी हेतूने केलेल्या खरेदीला एरवी लागू होत नाही, परंतु स्वयंरोजगारातून उपजीविका करणाऱ्याला त्यात अपवाद ठेवला आहे, आणि तुम्हा दोघांचा छापखाना त्यात बसू शकतो. दाद मागायची तर हातात बिल हवे.

लायसन्स टाकून झाले की विंडोज एका मायक्रोसॉफ्ट खात्याला जोडले जाते, आणि पुढे यंत्र बदलताना ते खातेच कामाला येते. दुरुस्तीवाले सोयीसाठी तिथे स्वतःचा ईमेल टाकून मोकळे होतात. छापखान्याच्या नावाने नवा ईमेल काढा, त्याला तुमचाच मोबाइल क्रमांक द्या, पासवर्ड तुम्ही स्वतः टाइप करा, आणि कीच्या कार्डाचा व बिलाचा फोटो त्याच ईमेलवर पाठवून ठेवा.